आग्फा आयसोलेट या जुन्या घडीच्या फिल्म कॅमेऱ्याची फोकस रिंग जाम झालीय?

जोर लावू नका, पक्कड तर नकोच. आतलं हिरवं वंगण वाळून लाखेसारखं कडक झालंय. रिंग फिरतेय असं वाटतं, पण पुढच्या भिंगाबरोबर मधलंही सुटत येतं.

- रिंगच्या कडेचे तीन बारीक स्क्रू नुसते सैल करा, रिंग उचला.
- पुढच्या-मधल्या भिंगांची चिकटलेली जोडी काढून लायटरच्या पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवा (खिडकी उघडी, गॅस बंद!).
- मग भिंगं फिरवून वेगळी करा; आटे जिथे सुटतात तिथे खूण करा, परत बसवताना तिथूनच सुरुवात. नवशिके हमखास इथेच चुकतात.

मधलं भिंग परत पूर्ण घट्ट बसवा. नवं वंगण काडीच्या टोकाइतकंच. मग फिल्मच्या रुळांवर दुधी काच, खरखरीत बाजू भिंगाकडे. शटर 'बी'वर (बटण दाबून धरलं की उघडं राहतं), अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडं. पुढचं भिंग फिरवत लांबची पाण्याची टाकी काचेवर रेखीव दिसली की रिंग अनंताच्या (∞) खुणेवर ठेवून स्क्रू आवळा. शटरचे आतले भाग मात्र सध्या खोलू नका.