मिरामारच्या वाळूवर जी जांभळ्या फुलांची वेल पसरते तिचं पान टोकाला दुभंगलेलं असतं, त्या आकाराला सायन्समधे काय म्हणतात?

त्याला बायलोब्ड म्हणतात, मराठीत द्विखंडी. ती मर्यादवेल, आणि तिच्या शास्त्रीय नावातच आकार सांगून ठेवलाय, आयपोमिया पेस-काप्री, पेस-काप्री म्हणजे लॅटिनमधे बकरीचा पाय, पान तळहातावर सपाट ठेवून बघा, देठाकडे अखंड आणि टोकाला खूर फाकल्यासारखं, दसऱ्याच्या आपट्याचं पानही असंच. फक्त खाच अगदी उथळ असेल तर इमार्जिनेट म्हणायचं, आणि एकाच वेलीवर दोन्ही सापडतात म्हणून एका पानावरून ठरवू नका, 8-10 पूर्ण वाढलेली पानं बघा. कॉर्डेट मात्र लिहू नका हां, तो हृदयाकार, त्यात खाच देठाकडे असते, विड्याच्या पानासारखी.