काम चांगलं करूनही "तुझ्यात लीडरशिप दिसत नाही" असं ऐकावं लागतं. आत्मविश्वास कसा वाढवायचा आणि चमचेगिरी न करता कामाच्या ठिकाणी संबंध कसे जोडायचे?

तुम्ही लिहिलंय की नोकरीत बरीच वर्षं झाली, कामाबद्दल तक्रार नाही, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि अप्रेझलमध्ये मॅनेजरने वरचं वाक्य ऐकवलं. आधी त्या वाक्याचं बघू, कारण ते सर्रास फेकलं जातं आणि त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. मी स्वतः टीम सांभाळतो, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. आमच्यातला कुणी असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला एवढंच म्हणायचं असतं की काम अडलं तर हा माणूस स्वतःहून सांगत नाही, विचारल्यावर सांगतो. भाषण ठोकता येणं, रुबाब असणं वगैरेचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. पण अंदाज बांधत बसू नका. सरळ विचारा, "सर, गेल्या काही महिन्यांत मी पुढे व्हायला हवं होतं असं तुम्हाला कधी वाटलं?" एक तरी प्रसंग काढून घ्या. त्यांना एकही आठवला नाही, तर शेरा फार मनाला लावून घेऊ नका, फॉर्ममधला रकाना भरायचा होता म्हणून भरलाय.

आता आत्मविश्वास. आधी तो येईल, मग मी बोलेन, मग लोक मला मानतील, असा क्रम तुम्ही धरलाय. तो मला पटत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की "हे मला जमेल" ही खात्री माणसाला चार ठिकाणांहून मिळते: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते पार पाडताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या क्षणी शरीर-मनाची असलेली अवस्था. यात सगळ्यात वजन पहिल्याला. प्रेरणादायी व्हिडिओ बघून आलेला जोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत का उतरतो, ते इथे कळतं. तो नुसता धीर असतो, आणि तोही तुमचं काम कधी न पाहिलेल्या माणसाने दिलेला.

दुसरं असं की ही खात्री कामागणिक वेगळी असते. तुमच्या हातातल्या कामाबद्दल तुम्हाला शंका नाही, हे तुमच्या प्रश्नातच दिसतंय. शंका आहे ती चारचौघांत बोलण्याबद्दल. म्हणजे "माझ्यात आत्मविश्वासच नाही" असं ठोक विधान करायची गरज नाही. एक कोपरा कच्चा आहे, तेवढाच पक्का करायचाय. बोलायच्या आधी छातीत धडधडतं, आवाज कोरडा पडतो, हा आपण नालायक असल्याचा पुरावा वाटतो. सराईतपणे बोलणाऱ्या कितीतरी लोकांचंही तसंच होतं, फक्त त्यांनी त्याचा अर्थ लावणं सोडून दिलेलं असतं.

करायचं काय? पुढच्या मीटिंगचे विषय आधी बघा. ज्यात तुमच्या कामाचा धागा आहे असा एक विषय निवडा आणि त्यावर एक वाक्य लिहून न्या. मत असायलाच हवं असं नाही, प्रश्नही चालतो: "हे आकडे आपल्या हातात कधी येतील? माझं पुढचं काम त्यावर अडलंय." आणि ते वाक्य सुरुवातीलाच बोलून टाका. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य भारी असायला हवं असं वाटू लागतं, आणि मग ते कधीच पुरेसं भारी वाटत नाही. असं काही वेळा पार पडलं की बांडुरांचं पहिलं खातं भरायला लागतं.

पद नसताना पुढारपण कसं दिसतं, हे मी एका सहकारी मुलीकडून फार जवळून पाहिलंय. टीममध्ये नवीन होती, अधिकार शून्य. आमच्या मीटिंगा इतरांच्या असतात तशाच: तासभर चर्चा, शेवटी "चला, करून टाकू" म्हणत सगळे उठतात आणि करायचं नेमकं कुणी हे पुढच्या मीटिंगपर्यंत गुलदस्त्यात. ती जागेवर परतली की ग्रुपवर चार ओळी टाकायची. एक तर मला जवळपास जशीच्या तशी आठवते:

"आज ठरलेलं: नवीन फॉर्मचा मसुदा मी बुधवारपर्यंत पाठवते. त्यातले नियम कायदा विभागाकडून कोण तपासून घेणार, हे ठरायचं राहिलं. ग्राहकांना कळवायची तारीख मसुद्यानंतर ठरवू. काही सुटलं असेल तर सांगा."

यातलं दुसरं वाक्य बघा. कुणावर बोट नाही, कुणाला आदेश नाही, फक्त भोक कुठे आहे ते दाखवलंय. थोड्याच वेळात एकाने "मी घेतो" असं लिहिलं. आणि पहिल्या वाक्यात तिने स्वतःची तारीख सगळ्यांदेखत टाकली आहे. बुधवारी मसुदा आला. असं होत होत लोक मीटिंगच्या आधी तिलाच विचारायला लागले की आपलं काय काय बाकी आहे. पुढे मॅनेजर रजेवर गेले तेव्हा त्यांच्या जागी कोण बघणार, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही.

मात्र एक सावधगिरी. या वाटेने गेलं की "नोंदी ठेवणारी व्यक्ती" असा शिक्का बसण्याचा धोका असतो, आणि बायकांवर तो जरा जास्तच पटकन बसतो. म्हणून ज्या विषयात तुमचंही काम आहे तिथेच लिहा, आणि राहिलेलं भोक दाखवायला विसरू नका, कारण खरी किंमत त्याची आहे. कुणी कायमचं गळ्यात घालायला लागलं तर हसून सांगा, "या वेळी तुमची पाळी."

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये माणसाचा दुसऱ्यावर प्रभाव पडण्याची पाच कारणं सांगितली होती: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, पद, जाणकारी, आणि त्या माणसाबद्दल वाटणारी ओढ किंवा आदर. पहिली तीन बहुतेक करून खुर्चीबरोबर येतात आणि खुर्ची गेली की जातात. उरलेल्या दोनांना प्रमोशनची वाट बघावी लागत नाही. वर सांगितलेल्या मुलीकडे तीच दोन होती.

संबंधांबद्दल लिहिताना तुम्ही चमचेगिरीचा उल्लेख केलाय. माझी साधी खूण अशी: चमचेगिरी फक्त वरच्या दिशेने चालते. तुम्ही बाजूला बघा. तुमचं काम झाल्यावर ते कुणाच्या टेबलावर जातं? त्या माणसाकडे जाऊन विचारा, "माझी शीट आली की तुम्ही पुढे काय करता तिचं?" उत्तर ऐकून थक्क व्हाल. तुम्ही तारखा एका पद्धतीने लिहिता, त्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीने मागतं, म्हणून तो बिचारा दर महिन्याला सगळा रकाना हाताने बदलत बसतो आणि मनातल्या मनात तुमच्या टीमचा उद्धार करतो. तुमच्या बाजूने ती दोन मिनिटांची दुरुस्ती. ती केलीत की जे नातं तयार होतं ते वाढदिवसाच्या शंभर शुभेच्छांनी होत नाही.

मदत मागायलाही लाजू नका. मदत मागणारा कमकुवत दिसतो, समोरचा नाही म्हणेल, असं आपण गृहीत धरतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एकात लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. त्यासाठी सरासरी २० जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात साधारण १० जणांतच काम झालं. फक्त मागणं नेमकं हवं. "जरा मार्गदर्शन करा ना" यावर कुणाला काय करायचं ते कळत नाही, "या रिपोर्टचं तिसरं पान वाचून आकडे पटतात का ते सांगाल?" यावर कळतं. आणि पुढे त्या मदतीचं काय झालं ते जाऊन सांगा. हे बहुतेक जण विसरतात.

एका बाबतीत मात्र सगळं तुमच्या हातात नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. त्याचं तिने सुचवलेलं कारण असं की तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. तुमची जागा कशी आहे हे ओळखायला फार दिवस लागत नाहीत. शुक्रवारचं काम लांबणार हे बुधवारीच सांगून बघा. मॅनेजर "बरं, मग काय करता येईल?" म्हणाला तर इथे वाव आहे. "मला अडचणी सांगू नका" म्हणाला, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिला, तर दुसरा विभाग किंवा दुसरी नोकरी बघायला सुरुवात करा. स्वतःला दोष देत तिथे कुढत बसण्यात अर्थ नाही.

आणि ते शोधताना फक्त जवळच्या मित्रांवर विसंबू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या गाजलेल्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिली होती. ज्या ओळखीतून काम झालं त्या माणसाशी त्या काळात वरचेवर भेट होत असे असं सांगणारे जेमतेम १६.७ टक्के, अधूनमधून भेट होई म्हणणारे ५५.६ टक्के, क्वचितच म्हणणारे २७.८ टक्के. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे तुम्हालाही माहीत असतं. तेव्हा जुन्या टीममधल्या, गेल्या वर्षभरात ज्यांच्याशी बोलणं झालं नाही अशा दोघा-तिघांना या आठवड्यात दोन ओळी लिहा, नोकरी बदलायचा विचार अजून मनात नसला तरी. "कसे आहात, सध्या काय काम चाललंय?" एवढं पुरे, त्यात काही मागू नका.