इलेक्ट्रिक पॅनेलच्या धातूच्या दाराला वेगळी अर्थिंग वायर लागतेच का? बिजागरी पुरत नाही का?
लागते की ओ! दारावर काहीच बसवलेलं नसेल तर धातूची बिजागरी चालते, पण २३० व्होल्टचं पुश बटण, लॅम्प, मीटर काही लावलं की हिरवी-पिवळी अर्थिंग वायर किंवा खास अर्थिंगसाठीच बनवलेली तसली जोडणी हवीच, आयईसी ६१४३९ हे पॅनेलांचं आंतरराष्ट्रीय मानक तेच सांगतंय. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनवून घेतलेली पॅनेलं बघा, पावडर कोटिंग बिजागरीत शिरलेलं असतंय, वरनं ग्रीस, मग करंट जाणार कुठनं? वायर जिथं बसते त्या स्टडखालचा (बोल्टखालचा) रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, दार पूर्ण उघडलं तरी वायर ताणायला नको. मग दार ते पॅनेलचं मुख्य अर्थिंग यात १० अँपिअर सोडून रेझिस्टन्स मोजा, ०.१ ओहमच्या आत यायला पाहिजे. मल्टिमीटरच्या बीपवर अजिबात विसंबू नका, वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप येतंय आणि फॉल्ट होऊन दारात करंट उतरला की तीच पहिल्यांदा जळते, आणि दाराला हात ऑपरेटरचा असतोय ओ.