वरळीच्या जपानी मंदिरात 'नामु म्योहो रेंगे क्यो' म्हणतात, त्याचा अर्थ काय?

जपानी वाटतं पण मूळ आपल्याच इकडचं आहे. 'नामु' म्हणजे सरळ आपलं नमः, 'म्योहो' म्हणजे सद्धर्म, 'रेंगे' म्हणजे कमळ, 'क्यो' म्हणजे सूत्र. थोडक्यात सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाला नमन (पुंडरीक म्हणजे कमळच). हे संस्कृत सूत्र कुमारजीव नावाच्या बौद्ध भिक्षूने 406 साली चिनीत आणलं आणि जपानी लोक तेच चिनी नाव आपल्या उच्चाराने म्हणतात, म्हणून कानाला एकदम वेगळं लागतं.

आता गंमत बघा, यात बुद्धाचं नाव कुठेच नाहीये, नमस्कार आहे तो ग्रंथाला. 1253 मध्ये निचिरेन नावाच्या जपानी भिक्षूने हा जप सुरू केला, त्याचं म्हणणं असं की सगळ्या सूत्राचं सार या नावातच आलंय, त्यामुळे ज्याला पोथी वाचता येत नाही त्यानेही नुसतं हे म्हटलं तरी चालतं. या जपाला जपानीत दाइमोकु म्हणतात. काही जण 'नाम' म्हणतात काही 'नामु', पंथापंथाचा फरक आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

मंदिरात जो हातपंख्यासारखा चपटा ढोल वाजवतात ना, एका हातात दांडी धरून दुसऱ्या हाताने काठीने, तो याच जपाच्या ठेक्यासाठी. ते मंदिर निप्पोन्झान म्योहोजी या संघाचं, त्याचे संस्थापक फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही याच ओळीने होते.