मॉरिस मायनरचा पेट्रोल पंप: फेकू की दुरुस्त करू?

तुमचं म्हणणं असं की १९६५ ची मायनर १००० (मॉरिसची जुनी ब्रिटिश मोटार) नुकतीच घेतलीय, दहा-पंधरा मैल गेली की आचके देत बंद पडते, बॉनेट उघडून टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पुरवणाऱ्या पंपाला पान्याने ठोकलं की परत चालते. आणि गॅरेजवाला म्हणतो, जुना एसयू कंपनीचा पंप फेका, इलेक्ट्रॉनिक बसवा.

फेकू नका. मी इंग्लंडातल्या वॉरिकशायरमध्ये अशीच एक मायनर बरीच वर्षं पाळतोय. ठोकल्यावर चालतो त्या अर्थी पंप मेलेला नाही, त्याचे पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी धातूची टोकं) काळे पडलेत. (रस्त्यात बुटाच्या टाचेने पंप ठोकणारे इथे पुष्कळ भेटतील. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, आणि ते स्किनर बंधू मुळात बुटांच्या व्यापारातल्या घरचे. तेव्हा टाच अगदीच परकी नाही.)

पंप चालतो कसा, एवढं कळलं की निम्मं काम झालं. कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) करंट मिळाला की ती डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, ओढते आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. ओढ पूर्ण झाली की रॉकर (पॉइंट उघडझाप करणारी छोटी तरफ) उलटतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते. पेट्रोल पुढे ढकलतं ते स्प्रिंग, वीज नव्हे. कार्ब्युरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) भरला की त्याच्या तोंडाशी पेट्रोल अडवणारी निडल बंद होते, स्प्रिंग अडते, पंप गप्प बसतो. पॉइंट उघडताना दर वेळी बारीक ठिणगी पडते, तीच त्यांना खाते.

म्हणून आधी कान लावा. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा. भराभर टिकटिक होऊन थांबली तर ठीक. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा टाकीकडच्या पाइपातून हवा ओढली जातेय. इंजिन बंद असताना थोड्या थोड्या वेळाने एकेक टिक येत असेल तर निडल किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. आवाजच नसेल तर पंपाच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावा आणि पंपाची अर्थिंग घासून घ्या. पुष्कळदा दोष तिथेच असतो.

पॉइंटसाठी आधी बॅटरी काढा. काळी टोपी उघडा, स्पिरिटमध्ये भिजवलेली पातळ कार्डाची पट्टी पॉइंटमधून ओढा. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवा सेट घाला.

पेट्रोलचा वास येत असेल किंवा डायफ्राम कडक झाला असेल तर तोही बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय आणि जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नवा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच मागा. पंप उघडाल तेव्हा खाली ट्रे ठेवा: डायफ्रामभोवती पितळेच्या ११ बारीक चकत्या असतात. माझ्या पहिल्या खेपेला दहा सापडल्या. अकरावी दोन दिवसांनी बायकोच्या सपातेत निघाली.

खरी मेख बसवण्यात आहे. डायफ्राम आत फिरवत जा आणि मधेमधे हलकेच दाबून बघा. एका जागी रॉकर उलटायचा थांबतो. तिथून थोडं थोडं उलट फिरवा. तो नुकता उलटू लागला की डायफ्रामच्या कडेचं जवळचं भोक पंपाच्या स्क्रूच्या भोकाशी जुळवा आणि आणखी चार भोकं मागे या. भोकं सहा, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. इथे घाई केलीत तर पंप धड ओढत नाही किंवा मधेच अडकतो.

तरीही नवाच घालायचा असेल तर दोन गोष्टी बघा. मायनर मूळची पॉझिटिव्ह अर्थची गाडी, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. पॉइंटच्या साध्या जुन्या पंपाला दिशेचं सोयरसुतक नसतं, पण इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडलात तर जळतो. दुसरं, प्रेशर. तुमच्या गाडीला दीड-दोन पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) पुरतं. मी एकदा हौसेने ऑनलाइन मिळालेला चार ते सहा पीएसआयचा पंप लावला. निडलला तो जोर आवरेना, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं, आणि या इंजिनात कार्ब्युरेटरच्या बरोब्बर खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. तो पंप त्याच संध्याकाळी काढला.

पॉइंट साफ करूनही पंधराव्या मैलाला बंद पडलीच, तर पंपाला हात लावायच्या आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला तर टाकीची हवेची वाट बुजलीय, पंप बिचारा निर्दोष आहे.