पाण्याची सूचना कशी लिहावी?

प्रश्न : आमच्याकडे चार दिवसांआड पाणी येतं. परवा सुरुवातीला गढूळ आलं आणि व्हॉट्सअॅपवर 'पाणी विषारी' असा मेसेज फिरला. सोसायटीची सचिव म्हणून फलकावर काय लिहू?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, 'घाबरू नका' एवढं लिहू नका. ते वाचूनच माणूस घाबरतो, हे मी प्रयोगशाळेतल्या नोकरीत पाहिलंय. दिसलं तेच लिहा: कधी, किती वाजता गढूळ आलं, तपासणी व्हायची आहे. पहिलं पाणी पिण्याला भरू नये, नंतरचं गाळून खळखळून एक मिनिट उकळावं. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे ठळक अक्षरांत. (आपल्याकडे तुरटीवर श्रद्धा फार!) उजनीचं पाणी शुद्ध करून सोडलं तरी पुरवठा बंद असताना गळक्या जोडातून घाण आत शिरू शकते. म्हणून ओटी टेस्ट (पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन उरलंय का, हे पाहायची चाचणी) तुमच्याच नळावर करून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. रंग आलाच नाही तर महापालिकेला लेखी कळवा. शेजारी तेलुगू बोलणारी घरं असतील, तर सूचना तेलुगूतही लावा. निकाल आला की तारीख घालून नवा कागद.