आराखड्यात गटार, दारात चिखल

प्रश्न: नोकरीमुळे मी चिंचवडला राहतो. गावी आमच्या आळीतल्या बंदिस्त गटाराचं काम मोबाइलवर ग्रामपंचायतीच्या माहितीत दिसतं. प्रत्यक्षात दारात उघडं पाणी वाहतंय. चुलतभाऊ विचारायला गेला, तर ‘सगळं ऑनलाइन आहे, बघून घ्या’ असं उत्तर मिळालं. आता काय करावं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: ‘दिसतं’ म्हणता, पण कशात दिसतं? आराखड्यात की खर्चात? विस्तार अधिकारी असताना गावोगावच्या निम्म्या भांडणांचं मूळ मला याच घोळात सापडायचं.

ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. त्यावरचे अहवाल लॉगिनशिवाय कुणालाही उघडता येतात. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि आधी आराखडा पाहा. त्यात गटार असेल, तर ते काम करायचं ठरलं, एवढंच कळतं. पैसे न आल्याने अशी कामं पुढच्या वर्षावर जातात, त्यात लबाडी असतेच असं नाही. मग खर्चाची व्हाउचरं उघडा. गटाराच्या नावाने रक्कम निघालेली असेल, तर मात्र गप्प बसू नका. तारीख, रक्कम आणि पैसे कुणाला गेले ते टिपून घ्या. सांडपाण्याची कामं बऱ्याचदा वित्त आयोगाच्या बंधित निधीतून होतात. पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला तो हिस्सा; पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात तो 60 टक्के होता. तिथे आधी शोधा.

काम झाल्याचा फोटो कुणी दाखवला, तर त्यावर फार विसंबू नका. गटाराचा फोटो शेजारच्या आळीचाही असू शकतो! दप्तर तपासायला बसलो की मी पहिल्यांदा एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका मागवायचो. किती मीटर काम झालं आणि मोजलं कुणी, हे तिच्यात सहीनिशी असतं. ही पुस्तिका मोबाइलवर शोधत बसू नका, माहिती अधिकारात मागा. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला आणि व्हाउचर यांच्या प्रती मागा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत लागतो. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. कागद मागा, कारणं नकोत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रथम अपील करा.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा मोह आवरा. तिथे दोन दिवस शिमगा होतो आणि नोंद कशाचीच राहत नाही. तोच कागद छापून ग्रामसभेत ठेवला आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला, की उत्तर द्यावंच लागतं. एक अडचण आहे. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. तुमचं नाव चिंचवडच्या यादीत गेलं असेल, तर बोलायला चुलतभावालाच उभं करा. आळीतल्या बायकांनाही सोबत घ्या. त्या पाण्यातून रोज त्याच ये-जा करतात. काम झालेलंच नसेल आणि पैसेही निघालेले नसतील, तर त्याच सभेत ते पुढच्या आराखड्यात घ्यायचा ठराव मांडा.